नव्वदला लागणारी थरथर

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, वाहन तपासणी खात्याचे निवृत्त अधिकारी, ज्यांनी आमच्या किती गाड्या परत पाठवल्या हे आज विचारणार नाही. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे ज्येष्ठ मिस्त्री, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आमचे ग्राहक, आणि रविवारची सुट्टी सोडून आलेले माझे सहकारी. सर्वांना नमस्कार. मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्या ओढणं थांबवलं, तर माझा आवाज तिथपर्यंत पोहोचेल. आभारी आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील, हे अध्यक्षांना मी आधीच सांगून ठेवलं आहे. काय बोलणार ते मात्र सांगितलेलं नाही.

यापूर्वीच्या वक्त्यांनी मिस्त्रींच्या कामाचं भरभरून कौतुक केलं. पण ते नेमकं करत काय होते? ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. पिकअप गाडीचं इंजिन पुढे आणि जोर हवा मागच्या चाकांना. तो जोर पोहोचवतो गाडीच्या पोटाखालून जाणारा एक लांब, गोल फिरणारा दांडा. आम्ही त्याला शाफ्ट म्हणतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना वळणारे सांधे असतात, त्यांना क्रॉस म्हणतात. शाफ्टचा तोल जरा ढळला, क्रॉस जरा कोरडा पडला, तरी गावात काही कळत नाही. मोठ्या रस्त्याला लागून वेगाचा काटा ऐंशीच्या पुढे गेला की थरथर सुरू होते.

ही थरथर ग्राहक कशी सांगतात? एक म्हणायचे, "मॅडम, नव्वदला पाठीत मुंग्या येतात." एक म्हणाले, "गाडी रागावल्यासारखी गुरगुरते." आमचे काचवाले, जे आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत, म्हणाले होते, "बाई, मागे काचा एकमेकींशी कुजबुजायला लागतात, आणि विषय माझाच असतो." मी काउंटरवर बसून हे सगळं गाडीच्या कामाच्या कार्डावर एकाच ओळीत लिहायची: जास्त वेगात थरथर.

पण थरथर कुठून येते? स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं बघा. सीटमध्ये असेल तर मागे बघा. त्याच वेगात गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष. मग चाकं, मग शाफ्ट, मग क्रॉस. हे पुस्तकातही आहे. पुस्तकात जे नाही, ते मिस्त्रींच्या उजव्या तळहातात होतं. मागच्या सीटवर बसून ते तळहात गाडीच्या जमिनीला लावायचे, डोळे मिटायचे, आणि चार किलोमीटरनंतर सांगायचे, "मागचा क्रॉस. पुढचा ठीक आहे." गाडी वर्कशॉपमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेऊन शाफ्ट उतरवला की मागचाच क्रॉस निघायचा.

आणि तो स्टीलचा पेला! अर्धा पाण्याने भरलेला, दोन सीटच्या मध्ये ठेवलेला. बाहेर त्यांचं नावच पेलावाले मिस्त्री पडलं. पाण्यावर मोठे हेलकावे आले तर चाकं, बारीक वर्तुळं आली तर शाफ्ट. पण खरं सांगते, तो पेला ग्राहकाला दाखवायला होता. मिस्त्रींनी स्वतः त्याच्याकडे कधी बघितलं नाही. गाडी साफ निघाली की ते पाणी पिऊन टाकायचे, एवढाच त्यांचा पेल्याशी संबंध.

आता या कामाला दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं, एकाने हात लावायचा. बावीस वर्षांपूर्वी आमचा चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन पावत्या लिहीत बसले होते. मिस्त्री काउंटरवर आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गाडी चालवा."

मी म्हटलं, "मला पुरुषांची चेष्टा आवडत नाही."

"चेष्टा नाही. तुम्ही पट्टी न लावता रजिस्टरात रेघ मारता आणि ती सरळ येते. काटासुद्धा सरळ धराल."

धरला. नव्वद म्हणजे नव्वद, एकोणनव्वद नाही. बावीस वर्षं मी त्यांच्यापुढे बसले आणि ते माझ्यामागे. त्यांचा चेहरा मी आरशातच जास्त पाहिला आहे. मिटलेले डोळे, थोडी वर केलेली हनुवटी. आज असे समोरासमोर बसलेत तर मलाच अवघडल्यासारखं झालं आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घातला. "चालवणाऱ्याने आधी बोलायचं नाही. तुम्ही बोललात की माझा हात तुमचं ऐकायला लागतो. तुम्हाला सीटमध्ये जे लागेल ते चिठ्ठीवर लिहा." म्हणून परतीच्या वळणाआधीच्या मोकळ्या जागेत मी गाडी थांबवायची, चिठ्ठीवर एक शब्द लिहायची, 'आहे' किंवा 'साफ', तिची घडी घालून समोर ठेवायची आणि विचारायची, "काय?" ते त्यांचं मत सांगायचे. मग मी चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायची. मतं जुळली तर परत. नाही जुळली तर रागवायचं नाही, वाद घालायचा नाही. गाडी वळवायची आणि पुन्हा एकदा जाऊन यायचं.

बावीस वर्षांत मतं सात वेळा वेगळी निघाली. पाच वेळा ते बरोबर होते, दोन वेळा मी. त्या दोन्ही वेळी त्यांनी सगळ्या वर्कशॉपला ओरडून सांगितलं, "आज बाईंनी मला पकडलं!" इतका आनंद मी स्वतःच्या चुकीवर कधी कुणाला झालेला पाहिला नाही.

मंडळी, इथपर्यंतचं भाषण निरोप समारंभाला शोभण्यासारखं आहे. मी इथे थांबावं असं काहींना वाटेल. मलाही घरून निघताना वाटलं होतं.

मागच्या वर्षी वहिनी माझ्या काउंटरवर आल्या. पुढचं सांगायची परवानगी मी आज सकाळी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, "काल यांनी चुलीवरून उतरवलेलं पातेलं नुसत्या हाताने उचललं. तळहाताला हा एवढा फोड आला, आणि यांना कळलंच नाही. मी ओरडले तेव्हा हाताकडे बघितलं. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. माझं हसण्यावारी नेतात, तुमचं ऐकतात."

मी म्हटलं, "बोलते."

बोलले नाही.

का? कामाचा रेटा होता, असं स्वतःला सांगितलं. तेवढं खरं नाही. आरशात मला बदल त्याआधीच दिसला होता. त्यांचे डोळे उघडे असायला लागले होते. ते पेल्याकडे बघत होते. नोकरीची एकतीस वर्षं ज्या माणसाने त्या पाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तो मान वाकवून त्यातली वर्तुळं मोजत होता. त्यांच्या हातातून काय गेलं ते मला समजलं होतं. पण मी बोलले असते त्या दिवशी मागची सीट रिकामी झाली असती. मला ती रिकामी नको होती. इतकं साधं, आणि इतकं स्वार्थी कारण आहे.

मग काचवाल्यांची पिकअप आली. चाकांचा तोल केला, थरथर राहिली. शाफ्ट उतरवला. कोरडा पडलेला क्रॉस बोटांनी फिरवला की मध्येच एक बारीक अडथळा लागतो, वाळूचा कण अडकावा तसा. मिस्त्रींनी दोन्ही क्रॉस फिरवले, पुढचा बदलला, मागचा ठेवला. आम्ही रस्त्यावर गेलो. दिवस ढगाळ होता, गाडीत उजेड कमी. पेल्यातली वर्तुळं दिसण्यासारखी नव्हती.

नव्वदला मला सीटमध्ये थरथर लागली. पुसट नव्हती, स्पष्ट होती. मी मोकळ्या जागेत गाडी उभी केली, चिठ्ठीवर 'आहे' लिहिलं, घडी घातली, विचारलं, "काय?"

मिस्त्री म्हणाले, "साफ."

आरशात पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी चिठ्ठी वाचायच्या आधी त्यांनी कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहिलेला माणूस जसा बघतो, तसे बघत होते.

मी चिठ्ठी उघडली आणि वाचली, "साफ."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. परत येताना ते सुनेच्या मुलाखतीबद्दल बोलत होते, हसत होते. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि कार्डावर माझी सही केली.

अकराव्या दिवशी मोठ्या रस्त्यावर मागचा क्रॉस तुटला. शाफ्टचं टोक खाली पडलं, गाडी दुभाजकाला धडकली. काचा तर गेल्याच. काचवाल्यांच्या खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. त्यांचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. काच उचलणाऱ्या माणसाचा हात. मिस्त्रींना दिलेलं हे मानपत्र ज्या काचेत बसवलं आहे, ती काच काचवाल्यांनीच कापली आहे, एका हाताने. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "बाई, माणसाच्या हाताचं काय होतं ते आता मला कळतं."

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. तुटलेला क्रॉस टेबलावर होता. मालकांनी विचारलं, "दोघांनीही साफ म्हटलं होतं?" मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "बाईंचं काम गाडी सरळ चालवायचं. हाताला लागायचं काम माझं होतं, आणि माझा हात गेला. बाईंचा यात संबंध नाही." आणि खिशातून अवजारांच्या कपाटाची किल्ली काढून ठेवली.

मी काय केलं? पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी राहिले. चिठ्ठी त्या पर्समध्ये होती. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुम्हालाही लागलं नाही, म्हणजे तेव्हा ते नसेलच कदाचित." एवढा एक आधार घेऊन ते घरी गेले. तो आधारही मीच दिलेला होता, आणि खोटा होता.

एकतीस वर्षांच्या कामावर एक चूक लागली, आणि ती त्यांच्या एकट्याच्या नावावर लागली. आज इथे सगळे ती टाळून बोलले, सभ्यपणा म्हणून. पण चहाच्या टेबलाशी कुजबूज चालते ती मी ऐकली आहे, "शेवटी शेवटी हात गेला होता हो त्यांचा." हो, गेला होता. म्हणूनच तर दुसरं माणूस पुढे बसवलं होतं! चिठ्ठीचा नियम कशासाठी होता? ज्या दिवशी त्यांना कळणार नाही, त्या एका दिवसासाठीच होता. आणि नेमका त्याच दिवशी मी तो मोडला. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं. या दोन चुका सारख्या नाहीत. मोठी चूक माझी आहे, आणि ती मी अध्यक्षांसमोर, काचवाल्यांसमोर आणि वहिनींसमोर माझ्या नावावर घेते. अध्यक्षांना माझ्या नोकरीबद्दल जे ठरवायचं ते त्यांनी सोमवारी ठरवावं. मी नऊ वाजता काउंटरवर असेन.

नाही, टाळ्या नकोत. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. मिस्त्री, तुम्ही बसून राहा. मला पुरं करू द्या.

समारंभ नीटनेटका झाला तो माझ्या सहकाऱ्यांमुळे. हॉल, खुर्च्या आणि चहा त्यांनी सांभाळला, त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांनी वेळ काढला, त्यांचे आभार. वहिनींचे आभार मानायचा मला अधिकार नाही. माझं बोलणं लांबलं, कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द कडक गेला असेल, तर ती माझी सवय आहे. सभागृहाने ती पोटात घालावी. काचवाल्यांची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे. त्यांनी चहा दिला, उत्तर दिलं नाही. तेही योग्यच आहे.

एक माफी राहिली. मिस्त्री, ही ती चिठ्ठी. वाचून पुन्हा घातलेली घडी तशीच आहे. मी ती तुमच्या पुढ्यात ठेवते. अक्षर माझं आहे, शब्द एकच आहे, तो आज तुम्ही स्वतः वाचा. आपली मतं वेगळी निघाली, मिस्त्री, आठव्यांदा. आणि वेगळी निघाली की काय करायचं, ते तुम्हीच मला शिकवलंत. गाडी वळवायची आणि पुन्हा जाऊन यायचं.

मला गाडी वळवता येते. पण आरशात तुम्ही नसाल.