चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. वडील दूध संघात होते, आलेल्या प्रत्येक कॅनमधलं दूध घ्यायचं आणि फॅट बघायची हे त्यांचं काम, आणि बाजारात गेले तरी भाजीवाल्याचा काटा आधी रिकामा उचलून बघायचे, मगच वांगी टाकू द्यायचे, आईला लाज वाटायची. माझ्यात तीच सवय उतरली. इथं कॅनडात, रेजिनाला आलो तेव्हा धान्य तपासायच्या लॅबमध्ये लागलो, गहू, मसूर, कॅनोला, ओलावा किती, कचरा किती, आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे काटा तपासायचा. काल बरोबर होता म्हणून आज बरोबर असेल, असं आमच्याकडे चालत नाही.

शिकारीचं म्हणाल तर पहिल्या हिवाळ्यात लॅबमधल्या एका माणसानं हरणाच्या मांसाचं पाकीट दिलं, माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याला आपला काळा मसाला लावला, खोबरं भाजून वाटलं, आणि आम्ही दोघं ताटं पुसून जेवलो. मग मी कोर्स केला, लायसन काढलं, रायफल घेतली. वर्षाला एक जनावर, तेवढंच फ्रीजरमध्ये मावतं. काडतुसं मी घरीच भरतो, बेसमेंटमध्ये. विकतची खराब असतात असं नाही, पण स्वतः भरलं की आत काय गेलं ते आपल्याला माहीत असतं. काडतूस म्हणजे काय, पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू, आणि तोंडाशी गोळी बसवलेली. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. सगळं सारखं झालं तर गोळ्या एकाच जागी लागतात, आणि एखादी गोष्ट सारखी नसली तर लागत नाहीत, मग शोधत बसायचं की काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. मला ते काम आवडतं, लपवत नाही.

आता दिलीपचं सांगतो. अकोल्याचा, सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर, आमच्या इथल्या मराठी मंडळातला बोलका माणूस. माझं बघून त्यानंही सुरू केलं, पण त्याला सगळं लांबून मारायचं होतं. मी म्हणायचो, अरे दोनशे मीटरच्या आत जा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं जा, पोटावर सरक, त्यातच तर शिकार आहे. तो म्हणायचा, काका, तुम्ही बैलगाडीच्या काळातले. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि हा मला काका म्हणायचा, तेही चारचौघांत. इंटरनेटवर लोक सहाशे-सातशे मीटरवरून मारतात ते व्हिडिओ दाखवायचा. रेंजवर पाच गोळ्या मारायचा, तीन जवळ लागल्या की कागदाचा फोटो काढायचा, उरलेल्या दोन बाहेर गेल्या तर म्हणायचा, फ्लायर आहेत, ते नाही मोजायचे. कोणी सांगितलं नाही मोजायचे? त्या काय शेजाऱ्यानं मारल्या?

ज्या वर्षीचं सांगतोय त्या उन्हाळ्यात त्याची आई आली होती, सहा महिन्यांसाठी. शेवंतामावशी. काय सांगू तुम्हाला, अशी बाई स्वस्थ बसूच शकत नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेतून आली की आजी हाय आणि वर खोलीत, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. मावशी दिवसभर एकटी. मी गेलो की म्हणायची, बस बाबा, चहा टाकते, इथल्या भिंतींशी किती बोलायचं माणसानं.

जुलैत दिलीपच्या टेबलावर मी पुंगळ्या बघितल्या तर समईसारख्या चकचकीत, थोडी गुलाबी झाक मारणाऱ्या. मी विचारलं, कशानं साफ केल्या रे? म्हणाला, मशीन घेतलं. मी म्हटलं, आतून पण एवढ्या साफ झाल्या, तोंडाशी थोडी काजळी राहिलेली बरी असते. तो म्हणाला, काका, साफ असलेलंही तुम्हाला चालत नाही का? सोडून दिलं. त्यानं भरल्या, दुसऱ्याच दिवशी रेंजवर मारल्या, आणि खरं सांगायचं तर सुरेख लागल्या, शंभर मीटरवर पाचही नाण्याएवढ्या जागेत. मी स्वतः मोजलं. मोजलं ते मोजलं, चांगलं तर चांगलं. बाकीचा डबा त्यानं शिकारीसाठी ठेवून दिला.

ऑक्टोबर संपता संपता मी त्याला म्हटलं, निघायच्या आधी ह्याच डब्यातल्या पाच मारून बघ, चार महिने झालेत, थंडी पडली. म्हणाला, काका, ह्या काडतुसांचा लोड जुलैतच प्रूव्ह झालाय, बाहेर मायनस अठरा आहे, कोण जाईल. मी म्हटलं, हरणापाशी पण मायनस अठराच असेल. तो हसला. गेला नाही.

आम्ही दक्षिणेला गेलो, अमेरिकेच्या सरहद्दीकडे, तिकडे उघडे डोंगर आणि घळी आहेत. सकाळी समोरच्या उतारावर एक नर उभा, मोठ्या कानांचा, निवांत चरत होता. अंतर मोजायच्या यंत्रानं दाखवलं चारशे दहा मीटर. मी म्हटलं, घळीतून खाली उतरू, वारा आपल्या बाजूचा आहे, वीस मिनिटांत निम्म्यावर येऊ. तो आडवा पडला आणि म्हणाला, काका, आज बघाच.

मी दुर्बिणीतून बघत होतो. चाप ओढला, आणि त्या जनावराचा मागचा पाय लुळा पडला, अगदी कापडासारखा, आणि ते तीन पायांवर टेकडीपलीकडे गेलं. दिलीप उठला, बर्फ झटकलं आणि म्हणाला, क्लीन मिस. मी म्हटलं, मिस नाही, पाय मोडलाय, मी बघितलं. तो म्हणाला, नाही हो, दचकून पळालं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यालाही दिसलं होतं. मारलेल्या जनावराला लावायचा सरकारी टॅग लायसनवर मोसमाला एकच मिळतो, लागलं म्हटलं की शोधायला जावं लागतं आणि सापडलं तर त्यालाच तो लावावा लागतो, मग मोसम संपला, तुटक्या पायाच्या हरणावर. म्हणून मिस.

मी एकटा गेलो. बर्फावर रक्त होतं, आधी थेंब, मग जिथं ते बसलं होतं तिथं परातीएवढा डाग. उठून पुन्हा गेलेलं. घळीत झुडपं दाट झाली, दिवस मावळला, मला परतावं लागलं. दिलीप गाडीत हीटर लावून बसला होता, सँडविच खात. अर्धं मला देत होता. मी नाही घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पुन्हा गेलो तर सापडलं. कोल्ह्यांनी मागून खाल्लं होतं. डोळे उघडे. मी दिलीपला हाक मारून आणलं आणि म्हटलं, टॅग लाव. म्हणाला, ह्याला? ह्यात खायला काय उरलंय? तुम्हाला लावायचा असेल तर तुमचा लावा. मी माझा लावला. माझी गोळी नव्हती, पण त्या जनावराला तसंच टाकून यायला मन धजेना. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, त्याला ते कळलंही नाही, रेडिओ लावून बसला होता.

रेजिनाला आल्यावर म्हणतो कसा, रायफलमध्येच काहीतरी आहे, तुम्ही बघून द्या ना. मला किळस आली होती, पण कारण काय ते मलाही हवं होतं. आधी रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू बघितले, घट्ट. मग त्याच्या रायफलमधून माझी काडतुसं मारली, सगळी एकत्र लागली. म्हणजे रायफल ठीक. त्याच थंडीत त्याच्या डब्यातली मारली तर दोन एकत्र, एक वीतभर वर, एक खाली, पाचवी कागदाच्या कडेला. म्हणजे काडतुसं. गोळी काढायच्या हातोडीनं काही उघडली, दारू तोलली, कणाचा फरक नाही. पण उघडताना हाताला कळलं. काही गोळ्या एका ठोक्यात सुटत होत्या, आणि काही सहा ठोक्यांनी सुद्धा हलत नव्हत्या, जशा काही डाग देऊन चिकटवल्यात. भिंगाखाली बघितलं तर पुंगळीच्या तोंडात हिरवा गंज. उन्हाळ्यात ताज्या भरलेल्या तेव्हा सगळ्या सारख्या सुटल्या, चार महिने ठेवल्यावर गोळी आणि पितळ एकमेकांना धरून बसलं, कुठं कमी, कुठं जास्त, म्हणून प्रत्येक गोळी वेगळ्या वेगानं निघत होती.

त्याच्या घरी जाऊन विचारलं, तुझं ते मशीन दाखव. तो घुटमळला. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, कसलं मशीन, मीच तर घासल्या, चिंच-मीठ लावून, देवाची भांडी घासतो तशा, दिलीप म्हणाला आई किती छान, अजून घास. बिचारीला केवढा आनंद.  दिलीपला बाजूला घेऊन सांगितलं, मीठ आत राहिलं, नीट धुतलं नाहीस, त्यानं गंज धरला, आणि मी सांगितलं होतं तेव्हा पाच मारून बघितल्या असत्यास तर घरीच कळलं असतं. तो म्हणाला, ओके ओके, मिस्ट्री सॉल्व्ह्ड.

आता खरी घाण ऐका. पुढच्या शनिवारी मंडळाचं जेवण त्याच्याच घरी. बेसमेंटमध्ये पंधरा-वीस माणसं, आणि हा मधोमध उभा राहून सांगतोय, आमच्या आईनं काय केलं माहितीये का, माझ्या बुलेट्सना चिंच लावली, एवढं मोठं हरीण वाचवलं, अहिंसावादी आई आहे माझी. लोक हसून हसून लोळले. कोणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी गूळ पण घाला मावशी, आमटी होईल. आणि हाही हसला. वाचवलं म्हणे.

मी पाणी घ्यायला वर गेलो तर मावशी सिंकपाशी उभी, नळ चालू, हातात काहीच भांडं नाही. म्हणाली, बाबा, खरं सांग, माझ्यामुळं झालं का? मी म्हटलं, मावशी, हरीण वाचलं नाही. पाय मोडला होता, रात्रभर तसंच होतं, सकाळी मेलेलं सापडलं. सांगावं की नाही असा विचार मी केला होता, पण तिनं खरं सांग म्हटल्यावर दुसरं काय सांगणार? तिनं नळ बंद केला. म्हणाली, उडवायच्या आधी तपासून बघायचं असतं का? मी म्हटलं, असतं. त्यानं बघितलं होतं? नाही. तू सांगितलं होतंस? सांगितलं होतं. मग तिनं विचारलं, जनावराला लागलं तेव्हा तो काय म्हणाला? मी म्हटलं, मिस झालं म्हणाला.

ती हात पुसून खाली गेली. गुडघे दुखतात म्हणून जिना उतरत नसे, त्या दिवशी कठडा धरून उतरली. सगळे म्हणाले, या या मावशी, चिंचवाल्या मावशी. ती दिलीपसमोर उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, दिलीप, पितळ मी घासलं. पाय कोणी मोडला ते सांग ह्यांना.  दिलीप म्हणाला, आई प्लीज, नॉट नाऊ. ती म्हणाली, मराठीत सांग. तो कोणाला काय वाढायचं ते बघायला वळला. लोकांनी ताटात बघून खायला सुरुवात केली, कोणीतरी हवामानाचं काढलं.

ती महिनाभरात अकोल्याला परत गेली, नंतर आली नाही. दिलीपनं नवी, अजून लांब मारणारी रायफल घेतली, अजून तीनच गोळ्या मोजतो, आणि मंडळात लोक त्याचे फोटो बघून वा वा करतात, मी त्या खोलीतून उठून जातो. त्याच्याबरोबर जाणं सोडलं, शिकार सोडली नाही. दोनशेच्या आत, आणि निघायच्या आधी त्याच डब्यातल्या पाच, थंडी कितीही असो, पाचही मोजून.

दिवाळीनंतर मावशीचा फोन येतो दर वर्षी. मुलाचं विचारत नाही. म्हणते, निघालास का रे शिकारीला? मी म्हणतो, निघालो मावशी. म्हणते, तपासून घेतलंस? मी म्हणतो, घेतलं. मग म्हणते, जा मग, सुखानं जा, आणि लागलं तर त्याच्यामागं जाशील. मी हो म्हणतो, आणि फोन ठेवून गाडी काढतो.