बाबांचा ओवा आणि आईचा एमआरआय

अगं, आमच्या आईइतकं खूश होऊन हृदयविकाराची बातमी ऐकणारी बाई अख्ख्या लीड्समध्ये नसेल! वर्षभर जिना चढला की तिच्या छातीत दाबल्यासारखं व्हायचं. बाबांचं निदान ठरलेलं, गॅस. औषधही ठरलेलं, ओवा. तिच्या पर्समध्येसुद्धा त्यांनी पुडी ठेवली होती.

अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. झालं! बाबा पुण्यापर्यंत फोन करून सांगायला लागले, "मी म्हटलंच होतं, गॅस!"

पण कार्डिऑलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "बायकांमध्ये कधीकधी हृदयाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत दोष असतो, तो अँजिओग्राफीत दिसत नाही. हार्टचा एमआरआय करून बघू."

रिझल्टला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी स्क्रीनवर एक काळपट कड दाखवली आणि हळुवारपणे म्हणाल्या, "इथे रक्त कमी पोचतंय. तुमचं दुखणं खरं आहे. गोळ्यांनी बरंच आटोक्यात येईल."

आईचा चेहरा असा खुलला, जणू माझं लग्न ठरलं! डॉक्टर गोंधळल्या. "तुम्हाला समजलं ना, मी काय म्हणाले ते?"

"मला समजलं," आई म्हणाली. "वन्स मोअर, प्लीज. फॉर माय हजबंड."

त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. 

कार पार्कमध्ये बाबा बोनेटला टेकून उभे राहिले. "अगं, मला जरा कसंतरीच होतंय."

आईने शांतपणे पर्समधून पुडी काढली.

"घ्या. गॅस असेल."