बोलणं माझं, म्हणे!

...तर ‘लेखन’ नको म्हणजे नको, असं त्या दिग्दर्शकाला तोंडावर सांगितलं मी! तुम्हीच सांगा, लेखन काय, कारकूनही करतो! फलकावर माझ्या नावाआधी काय हवं? नाटककार! तो म्हणतो कसा, “मावशी, लेखन काय, लेखिका काय, नाटककार काय, प्रेक्षकाला काय फरक पडतो?” अरे, प्रेक्षकाला नसेल पडत, मला पडतो! शाळेनं मला सातवीतच हात जोडले. पुढचं सगळं शिकले ते विंगेत बसून, राण्यांचे झगे शिवता शिवता, कान रंगमंचाकडे लावून. मग मालिकांसाठी लिहायला लागले, तर तिथे वाटण्या! बाई कुठल्या दारानं आत येणार ते ठरवणार तो पटकथाकार, आत येऊन काय बोलणार ते लिहिणारी मी संवादलेखक, आणि मुळात ती आलीच कशाला, हे ज्याला ठाऊक नसतं तो कथाविस्तारवाला! म्हटलं, पुरे झालं. आता दार माझं, बाई माझी, बोलणं माझं. आणि मी कोण? नाटककार!

बोलणं माझं, म्हणे... जीभ कशी झडली नाही माझी!

तुम्हाला सांगते, पहिल्या प्रयोगाला शेजारी वन्संना घेऊन बसले. वन्सं म्हणजे माझी नणंद. तशी धाकटी, पण या वयात धाकटं-थोरलं काय, दोघींचे गुडघे एकाच सुरात कुरकुरतात. वरच्याच मजल्यावर राहतात. चारचौघांत तोंड उघडायच्या नाहीत, पण माझ्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या की बोलतात. अशाच एकदा भांडी पुसता पुसता बोलल्या होत्या. त्यांचे यजमान गेले तेव्हाचं. नर्स चादर तोंडावर ओढायला आली आणि वन्संना काही सुचेचना, तर त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, चष्मा न लावता कुठे निघालात? दिसायचं नाही काही!” पोटच्या लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही हे त्यांनी. मला सांगितलं. वहिनी म्हणून.

आणि वहिनीनं काय करावं? दुसऱ्या अंकात घालावं! तेही कुणाच्या तोंडी? नाटकातल्या त्या ढोल्या शेजारणीच्या, जी दर प्रवेशाला खुर्चीत अडकून बसते तिच्या! नवरा खाटेवर गेलेला, आणि ही कमरेवर हात ठेवून किंचाळते, “अहोऽऽ, चष्मा न लावता कुठे निघालाऽऽत?”

लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं हो! टाळ्या, शिट्ट्या... माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि मी कोण? नाटककार! तशीच ऐटीत वळून वन्संकडे बघितलं. त्याही हसत होत्या. सगळे हसले म्हणून हसल्या बिचाऱ्या... आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं. तोंड तसंच उघडं. वाक्य कुणाचं आहे, ते त्यांच्यापर्यंत जरा मागाहून पोचलं.

इथवर झालं ते झालं म्हणा... पण मध्यंतरात मागच्या रांगेतली एक बाई गळ्यात पडायला आली, “अगंबाई, तो चष्मा! कुठून सुचतं हो तुम्हाला हे?” वन्सं हातभर अंतरावर उभ्या. नुसतं बोट दाखवलं असतं मी! तर हे तोंड, हे माझं तोंड काय म्हणालं? “काय सांगू... आतून येतं हो!”

आतून! कुणाच्या आतून गं, सटवे?

वन्सं? जाऊन चहा घेऊन आल्या, दोन कप. माझ्यात साखर कमी, लक्षात ठेवून! थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

घरी जाताना जिन्यात हात धरला त्यांचा. म्हटलं, “वन्सं, चुकले. उद्याच काढते ते वाक्य.”

“काढू नका,” म्हणाल्या. “फक्त त्या बाईला हळू म्हणायला सांगा. मी ओरडले नव्हते.”

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक थयथयाट करतोय, “मावशी, हळू म्हटलं तर हशा जाईल! वन्स मोअर घेणारं वाक्य आहे ते!” म्हटलं, जाऊ दे हशा मसणात. वाक्य माझं नाही. त्याला सांगितलं, बाबा, सांगितलं ते! पण कुठे? बंद दाराआड, रंगपटात. त्या मागच्या रांगेतल्या बाईला शोधून सांगितलं का? नाही.

त्या दिवशीच्या प्रयोगालाही वन्संना जवळ घेऊन बसले. ढोली शेजारीण खाटेपाशी वाकली, हळूच म्हणाली. नाट्यगृह चिडीचूप. कुणी खोकलंसुद्धा नाही. वन्संनी पदर डोळ्याला लावला, माझ्या हातावर हात ठेवला... आणि तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? माझ्या मनात काय आलं ठाऊक आहे? कालचा हशा मोठा होता हो! घ्या! म्हणायचं ना मला? म्हणा, नाटककार!

आता वन्सं येतात, ओट्यापाशी उभ्या राहतात, फडकं हातात घेतात. पण काही सांगायच्या आधी विचारतात, “आत्ता कोण आहात? वहिनी, की नाटककार?”

“वहिनीच हो!” म्हणते मी. लगेच म्हणते...

पण तोवर त्या बिचाऱ्या भांडी पुसून मोकळ्या झालेल्या असतात.