राखणदाराची बाटली

नाय नाय, तराजू काढूच नकोस रे महादेवा — बाटल्या तुझ्या भंगारातल्याच ना, शिमग्याच्या आधी तूच आणून दिल्या होत्यास, आता सगळ्या परत ने. तो निळा ड्रम पण ने, झाकणं बसवायचं यंत्र पण ने. थांब, थांब, भरलेल्या आहेत त्या, आधी ओतायला हव्यात — मोरीत नको, मोरी रांधपघराच्या खिडकीखालून जाते, आत रांधणाऱ्या बायकोला वास येईल. ह्या माडाच्या मुळात ओतू. जरा धरतोस? माझ्याच्यानं होत नाय. हा हात बघ, टाके काढले पण ही दोन बोटं काय मिटत नाहीत. कसं झालं म्हणून काय विचारतोस — बांद्याहून इथवर येईपर्यंत कोणी ना कोणी सांगितलंच असेल तुला, गोकुळदासाला गावच्या राखणदार देवानं हाणला म्हणून. सांगितलं ना? वाटलंच.

आता तुला वाटेल, ह्या माणसाला बियर घरी करायची अवदसा आठवली कशाला, गोव्यात काय बियरचा दुष्काळ पडलाय? मीही तेच म्हटलं होतं. पण खाण बंद पडली रे — खाणीच्या लॅबात होतो मी, मातीचे नमुने तपासायचो — आणि एकदम सकाळी उठून काय करायचं तेच कळेना. व्हरांड्यात बसायचं, रस्ता बघायचा, ट्रक तर नाहीतच, मग कुत्रे बघायचे. तर आमचा सिद्धेश, माझा भाचा, पुण्याला असतो, त्यानं सामान धाडलं — भाजलेले जव, कसली तरी कडू वाळकी फुलं, खमिराची पुडी. म्हणाला, मामा, फोनवर सांगतो तसं करा. केलं. एवढं मोठं भांडं कुठलं? न्हाणीतलं भाण होतं, आंघोळीचं पाणी तापवायचं, त्यातच जव शिजवले — दुसऱ्या दिवशी आंघोळ केली तर अंगाला पेजेचा वास! कमलाक्षी, म्हणजे आमची मालकीण, तिनं मला असा झाडला म्हणतोस! पहिली तर आंबूनच गेली, उकाडा किती आपल्याकडे. दुसऱ्या खेपेला ड्रमाला ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि गोणपाटावर पाणी कोण मारायचं सांग — तीच! झाकणाला एक नळी, नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात, आत बियर तयार व्हायला लागली की पेल्यात बुडबुडे. डुबुक. डुबुक. दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघं न्हाणीच्या पायरीवर बसून ते ऐकायचो. हसू नकोस. खाण गेल्यापासून आम्ही दोघं एका जागी कधी बसलोच नव्हतो रे. मला फार बरं वाटायचं, खरंच सांगतो.

मग बाटल्या भरायच्या. सिद्धेशानं बजावलं होतं, प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, त्याच्यावर कण नको. तिनं विचारलं, ही साखर कशाला हो? समजावत कोण बसणार — मी म्हटलं, चवीला. आणि पहिली बाटली राखणदाराची, ते आलंच. आपल्याकडे पहिला फणस त्याला, पहिली फेणी त्याला, मग बियरनंच काय घोडं मारलंय? तिनंच त्या बाटलीला कुंकू लावून वेगळी ठेवली. ठरल्या दिवशी ऐन उन्हात घाटी चढून त्याच्या देवळीपाशी गेलो, बाटली पिशवीत हिंदकळतेय. देवाचं करणारा बाबली घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला — बा देवा, ह्या घरादाराचो सांभाळ कर — सगळे म्हणाले व्हय म्हाराजा, मी बाटली वर केली, आणि फाट्! हातात नुसता गळा. रक्त हे असं. बाबली नारळ टाकून चार पावलं मागे, म्हणतो, देवानं घेतलंन नाय. संपलं. तेव्हापासून हिनं मासे सोडले, रोज संध्याकाळी तिथं पणती लावून येते, नाक घासते, आणि रडते माझ्या ह्या बोटांकडे बघून. म्हणते, देवाला तुमचं हे आवडलेलं नाय, घरातून काढा. म्हणून तुला बोलावला.

एक घेतोस? घे रे, ओतायचीच आहे तर. मागे काय सरकतोस, ही नाय फुटायची — हिच्यात अर्धाच चमचा आहे.

काय? नाय, मी कुठं म्हटलं त्या बाटलीत जास्त होती म्हणून? ... हळू बोल. आत ती नारळ खवतेय, ऐकू येतंय ना, तोवर ठीक आहे. हे बघ, कोणाला बोलू नकोस. हाताला पट्टी बांधून घरी आलो ना, तर ज्या खोक्यात ती बाटली ठेवली होती त्याच्या एका कोपऱ्यात मुंग्या. फक्त त्याच कोपऱ्यात. साखर सांडलेली. देवाला नैवेद्य केला की ही मूठभर गूळ जास्त टाकणार, पायस असू दे नायतर पंचामृत — देवाच्या वाट्याला मोजून कसं द्यायचं, असं तिचं. साध्या च्याचं तेच, आता आणेल तेव्हा बघ, ओठ चिकटतात. झाकण बसवायच्या आधी माझी पाठ फिरली आणि तिनं त्या बाटलीत मूठ सोडली. चवीला! आणि साखर जास्त झाली की आत वायू कोंडतो नि बाटली फुटते, हे तिला कोणी सांगायचं?

आता सांगू कसं? सांगितलं तर राखणदार सुटतो, बियर सुटते, मी परत पायरीवर बसायला मोकळा — पण ही बोटं तिच्या माथी जातात. जन्मभर माझ्या हातात भाताचा घास बघेल आणि मेल्यासारखी होईल. नाय सांगितलं तर देव कोपलाय म्हणून झुरते. मी काय करू, सांग ना तू! म्हटलं, देवाचं नाव मोठं आहे, तो सोसेल. ती नाय सोसायची.

आली बघ. ठेव गो च्या सोप्यावर. महादेवा, तुलाही आणलाय, घे. अगो, जरा बस ना — गेली. घे रे, घे, निवेल.

... तुझ्या च्यात साखर आहे?

माझ्यात पण नाय. कणभर नाय.

महादेवा, ते खवणं कधी थांबलं रे?

कमलाक्षी! ... अगो, ऐक तरी — 

तू जा. नाय, बाटल्या राहू दे, ड्रमही राहू दे, जा म्हणतो ना तुला — जा.