ओठ हलतात

—नाही नाही ताई, सरकून बसू नका, आजारी नाहीये मी. हा मास्क त्यासाठी नाही. आता स्टँडवर चहा प्यायला काढला ना, मग आहे तरी कशाला म्हणाल— घरी लागतो. सासूला पेज भरवताना. तिला कसला रोग? काही नाही. वयानं हात उचलत नाहीत, आणि बहिरी आहे. बारा वर्षं झाली, काही म्हणता काही ऐकू येत नाही, पण ओठ असे वाचते की कुजबुजलं तरी पकडते. आणि माझे ओठ हलतात. नुसतं मनात बोलले तरी हलतात— कचेरीत हसतात सगळे, म्हणतात पुष्पलता मॅडमच्या मनातलं कळायला फक्त समोर बसायचं. आश्रमशाळेतली सवय हो. घरची बोली वेगळी, मराठी पहिल्यांदा ऐकली ती वर्गातच. बाईंनी काही विचारलं की वाक्य आधी ओठांवर जुळवून बघायचं, बरोबर वाटलं तरच बोलायचं. चाळीस वर्षं झाली, राहिलं ते राहिलंच.

तर सोमवारी— दमून घरी गेले, नागलीची पेज केली, चमचा तिच्या तोंडाशी नेला, आणि मनात आलं. आणलं नाही हो मी, आलं! असलं कोण आणतं? मराठीत सांगायचं तर, ‘जा की आता एकदाची.’ मराठीतच आलं असतं तर निभावलं असतं, तिला आमची बोलीच येते, मराठी ओठ वाचता येत नाहीत. पण दमले की मला घरच्या बोलीतच सुचतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आपलं तोंड मिटलं. तेव्हापासून नुसत्या पाण्यावर आहे. आज चौथा दिवस.

मग हा मास्क. वर मनात पाढे म्हणते, बे एके बे, बे दुणे चार— दुसरं काही शिरू नये म्हणून. पण पाठ झालेले पाढे आपले आपण चालतात, आणि त्यांच्याखालून तेच. दाबलं की जास्तच. तुमचं होतं असं? नाही? सुखी आहात.

नवरा गेल्यापासून सहा वर्षं तिचं सगळं मीच करते. तिनं माझी तिन्ही बाळंतपणं केली. जीव आहे माझा तिच्यावर— मग तो का नाही येत ओठांवर? काल माझ्या योगिताला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, तोंड उघडं ठेव. फडक्याकडे बघून घास उतरत नाही." म्हणजे जेवेल ती. म्हणजे आज उघड्या तोंडानं जायचं. सकाळपासून घोकतेय, ‘खा ना, आत्या, खा ना’— आणि ऐन चमच्याला तेच आलं तर?

ती बघा, मोखाड्याची गाडी लागली तुमची. उठा, जागा मिळायची नाही...

ताई? असं काय बघताय माझ्या तोंडाकडे? मी तर गप्प होते आत्ता.

जा तुम्ही. जा.