कोल्ह्याच्या तोंडात काय होतं?

कोल्ह्यावरून आठवलं. आम्ही पनवेलची कॉलेजची पोरं कच्छच्या वाळवंटात कोल्ह्यांच्या नोंदी करायला गेलो होतो. तीन दिवस खांबाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधलेला, पण कोल्हा काही फिरकेना. शेवटच्या सकाळी बघतो तर काय, फोटोच फोटो! आम्ही वाळूत नाचायलाच लागलो!

सोबत आलेल्या आमच्या मॅडमनी फोटो मोठा केला. "याच्या तोंडात काय आहे?"

उरणची प्रणाली हळूच म्हणाली, "माझे सुके बोंबील, मॅडम. वास येतो म्हणून तुम्हीच पिशवी तंबूबाहेर टांगायला लावलीत. मला तो खांबच दिसला."

"म्हणजे आमिष दाखवलं! नोंद बाद!"

रडवेल्या प्रणालीने आईला फोन लावला. आई म्हणाली, "कच्चेच खाल्ले त्यानं? भाजून तरी ठेवाचे ना गो!"