चिठ्ठीत 'वाळू' लिहा

सोनबा : जास्त काय न्हाई, साहेब. दोन वळींची चिठ्ठी. सोनबा रावसाहेब गव्हाणे आमच्या वर्कशॉपात नऊ वर्सं वाळूच्या खोलीत कामाला व्हता. खाली तुमची सही. बास.

आमोद : कशाला पण? टीबीची औषधं चालू आहेत ना तुझी?

सोनबा : आठ म्हैने खाल्ली. टीबी नव्हताच. आता नव्या डाक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बगितला. म्हनल्या, काम काय करत व्हता? म्हनलं, गाडीच्या गरम पायपांवर कोटिंग बसावं म्हनून आधी वाळूच्या फवाऱ्यानं घासून काढायचो. म्हनल्या, मग तीच वाळू हाय ही. फुफ्फुसात बसलीया.

आमोद : मास्क दिला होता मी तुला.

सोनबा : दिला व्हता की. एक.

आमोद : सोनबा...

सोनबा : दोन वर्सांत त्याची गाळणी बुजली. दुसरी मागितली, तर तुम्ही म्हनला, तोवर रुमाल बांध.

आमोद : मला नाही आठवत असं काही.

सोनबा : नसंल आठवत.

दिग्विजय : आमोद सर! येऊ का? कोथरूडवरून वाघोलीला यायला पावणेदोन तास, म्हणजे कमाल आहे. माझ्या गाडीच्या टर्बोचं हाऊसिंग झालं?

आमोद : ते काय, टेबलावर आहे. दिग्विजय, बघून घ्या.

दिग्विजय : ओ हो! कसलं भारी फिनिश आलंय! सर, गेल्या वर्षी तुम्ही इंजिनाचं मॅनिफोल्ड कोट केलंत ना, तेव्हापासून ताम्हिणी घाट चढताना बॉनेटखालचं टेम्परेचर एकदम डाऊन. आधी नुसती भट्टी असायची.

आमोद : मॅनिफोल्ड ह्याने घासलं होतं. हा सोनबा.

दिग्विजय : सॉलिड काम, काका! मग तुम्हीच सांगा, मागच्या पाइपला वरून रॅप पण गुंडाळू का? ती काचेच्या धाग्याची पट्टी असते ती. नेटवर सगळे म्हणतात, मस्ट आहे.

सोनबा : कोटिंग असंल तर नगा. पट्टी पानी धरून ठेवती. आतनं पाइप गंजतो, चिरतो, वरनं काय दिसत न्हाई. आन् तिच्यावर तेल ठिबकलं की पेट घेती. कोटिंगचं कसं, ताप पायपातच ऱ्हातो, धुराबरूबर मागं... मागं जातो... थांबा हं. जरा दम लागतो.

दिग्विजय : अ‍ॅलर्जी का, काका? ह्या नगर रोडची हवाच बेकार.

सोनबा : व्हय. हवाच.

दिग्विजय : काळजी घ्या. चला सर, निघतो. शनिवारी ट्रॅकवर न्यायचीय गाडी.

सोनबा : आता त्या खोलीत कोन असतं, साहेब?

आमोद : रंगराव म्हणून आहे. वाशीमकडचा. दिवाळीपासून.

सोनबा : रुमाल बांधतो?

आमोद : हे बघ, तू मला माझ्याच हाताने माझ्याविरुद्ध लिहून मागतोयस. उद्या चौकशी आली तर कुलूप लागेल इथे. रंगराव जाईल, रॅपची पट्टी कापायला वेणूबाई बसते ती जाईल. त्यांनी काय करायचं?

सोनबा : मला तक्रार करायची न्हाई कुठं.

आमोद : मग? चिठ्ठीने बरा होणारेस का तू?

सोनबा : न्हाई. ह्याला औषीद न्हाई, सांगितलंय त्यांनी.

आमोद : ...मग?

सोनबा : घरात टीबीच समजत्यात. ताट येगळं, आंथरूण पत्र्याच्या खोलीत. माझी पोर ऋतिका सहा वर्सांची हाय. उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाईत तिला. बायकोला लाख सांगितलं, ही वाळू हाय, लागट न्हाई. तिला वाटतं, पोरीसाठी खोटं बोलतोय. डाक्टरीणबाई म्हनल्या, मालकाचं पत्र आण, मी कागदावर टीबी खोडून वाळूचा आजार लिहिते, शिक्का मारते. तेवढ्यासाठी आलो.

आमोद : ...दे तो कागद. 'सोनबा रावसाहेब गव्हाणे हे आमच्याकडे मदतनीस होते. कामाच्या स्वरूपामुळे त्यांचा धुळीशी काही प्रमाणात...'

सोनबा : वाळू लिवा.

आमोद : धूळ म्हणजे तेच की.

सोनबा : धूळ सगळ्या पुण्यात हाय, साहेब. त्यानं डाक्टरीणबाईंना लिहिता यायचं न्हाई. वाळू लिवा. आन् नऊ वर्सं.

आमोद : ते नाही लिहू शकत मी.

सोनबा : माझ्या पोरीकडं बगून लिवा.

आमोद : नाही जमणार, सोनबा. एवढंच. हवं असेल तर घे.

सोनबा : असू द्या. ह्याचा काय उपेग न्हाई.

आमोद : सोनबा, मी... चहा तरी घे.

सोनबा : नगं. फाट्यापत्तुर रिक्षा तेवढी बोलवून द्या. येताना चार ठिकानी बसलो.